स्पेसच्या पट्टीखाली

भाऊजींच्या मते जोर लावला की जगात सगळं बसतं. प्रिंटरचा जोड त्यांनी मशीनच्या पाठीमागच्या टेलिफोनच्या खाचेत ठोकून बसवला होता, दोन पिना वाकवल्या होत्या आणि वर मलाच विचारत होते, "काय मेव्हणीबाई, हे मुकं का झालं?"

मशीन म्हणजे उचलून नेता येणारा कॉम्प्युटर. विकणारा तसं म्हणाला म्हणून. नाहीतर शिलाई मशीनएवढं ते धूड उचलताना माणसाचा खांदा निखळेल. झाकण काढलं की तेच कीबोर्ड, आत तळहाताएवढा पडदा आणि पाठीला खाचाच खाचा: प्रिंटरची, टेलिफोनची, बाहेरच्या मोठ्या पडद्याची. मी हीच दुरुस्तीची कामं करते. भाऊजी घरी बसून लोकांचे करार तयार करून द्यायचे, म्हणजे टाइप माझी ताई करायची आणि रुबाब यांचा. मेव्हणी फुकटात राबते म्हणून मला बोलावलं होतं.

ताई कोपऱ्यात बसली होती. तिचा जबडा तारांनी बांधलेला होता. "पायरीवरून पडली," असं भाऊजींनी पोलिसांनाही सांगितलं होतं. त्या घराला पायऱ्या दोन. हवालदाराने त्या बघितल्या, मान डोलावली आणि तो निघून गेला. तिचा जबडा मोडायच्या आधी मी तिला न्यायला आले होते, तेव्हा ती "नको" म्हणाली होती, पण भाऊजी शेजारी उभे होते. ते आम्हा दोघींना एकटं सोडतच नसत. ती खरंच येणार की नाही, एवढं मला आज तिच्याकडून कळायला हवं होतं.

मी पिना सरळ केल्या आणि जोड बरोबर खाचेत लावला. प्रिंटर आतल्या खोलीत होता, कारण त्याची कटकट साहेबांना सोसत नाही. कंट्रोल आणि पी एकत्र दाबलं की, तेच पुन्हा दाबून बंद करेपर्यंत, पडद्यावर उमटेल ते सगळं प्रिंटरही छापत जातो. मी तसं दाबून एक ओळ टाइप केली. आत प्रिंटर खडखडला आणि भाऊजी खूश झाले.

"आता ती स्पेसची पट्टी बघ. अडकते सारखी."

मी स्क्रूड्रायव्हरने पट्टी उचकटली. खाली दाताचा तुकडा होता. त्याला सुकलेलं रक्त होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्क्रूड्रायव्हर हातात होता, भाऊजींचा गळा समोर होता, आणि तेव्हाच तो खुपसला नाही याचं मला आजही नवल वाटतं. मी तुकडा गुपचूप खिशात टाकला आणि पट्टी परत बसवली.

"कीबोर्ड तपासायला टाइप करणारं कुणीतरी हवं," मी म्हणाले. "ताई, ये गं."

"मी करतो की."

"तुम्ही दोन बोटांनी टुकटुक करणार. इथेच मुक्काम करू का मी?"

ते हसले. मी तपासणीसाठी आणलेला मोठा मॉनिटर मशीनच्या मागे, माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि पाठीवरचा जोड बदलला. छोटा पडदा काळा झाला. ताई आणि भाऊजी त्या काळोखाकडे बघत राहिले. आता ती लिहील ते फक्त मला दिसणार होतं.

"काहीच उमटत नाही," भाऊजी म्हणाले.

"उमटेल. ताई, तुला काय हवं ते टाइप कर. माझ्याकडे दिसतंय."

ताईला न बघता टाइप करायची सवय होती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि बोटं चालू झाली. माझ्यासमोर अक्षरं आली: कीबोर्डनेच मारलं. आता जीव घेतील. मला आत्ता ने.

मी होकाराची मान हलवली. ताईने ओळ संपवून रिटर्न दाबलं.

आतल्या खोलीत प्रिंटर खडखडला.

कंट्रोल-पी मी परत दाबलंच नव्हतं. दाताच्या त्या तुकड्याने माझी मती गुंग झाली होती. भाऊजी आत गेले. कागद फाडल्याचा आवाज आला. मी ताईचा हात धरून दाराकडे धावले, पण ते आमच्या आधी पोचले होते.

पहिला ठोसा ताईच्या जबड्यावर बसला, बरोबर तारांवर. ती ओरडूही शकली नाही, नुसतं रक्त आलं. मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या दंडात खुपसला आणि फिरवला. त्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा, मग माझ्याच एक्स्टेंशनची वायर उचलून माझ्या गळ्याभोवती आवळली. "घर फोडतेस?" ते कानाशी ओरडत होते. "माझ्या घरात येऊन माझं घर फोडतेस?" माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

मग काच फुटली. ताईने मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या डोक्यात घातला होता. ते गुडघ्यांवर आले. तिने मॉनिटरची उरलेली पेटी पुन्हा डोक्यात घातली. ते आडवे झाल्यावर त्यांच्या तोंडावर तिसऱ्यांदा घातली आणि त्यांचे दात फरशीवर पडलेले मी पाहिले. मी तिला आवरलं नाही. मला बरं वाटलं.

शेजाऱ्यांनी बोलावलेला हवालदार आला तेव्हा भाऊजी कण्हत होते. हवालदार तोच होता.

"यांना काय झालं?" त्याने ताईला विचारलं. तिने जबड्याकडे बोट दाखवलं. मी मशीनचा जोड परत जागेवर लावला. छोटा पडदा उजळला. ताईने साडीला हात पुसले, कीबोर्ड पुढे ओढला आणि शांतपणे एक ओळ टाइप केली. आत प्रिंटर खडखडला.

हवालदार कागद घेऊन बाहेर आला आणि त्याने मोठ्याने वाचलं, "ते पायरीवरून पडले."

त्याने दाराबाहेर बघितलं. "बाई, पायऱ्या तर दोनच आहेत."

"मागच्या वेळीही दोनच होत्या," मी म्हणाले आणि खिशातून ताईचा दात काढून त्याच्या हातातल्या कागदावर ठेवला. "तेव्हा तुम्हाला पुरल्या होत्या की."