आधी मला विसळा

मित्रांनो, मी एक जुना बफर आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी "किती गोड गोष्ट!" असे म्हणण्याची तसदी तुम्हाला पडणार नाही.

बफर म्हणजे संगणकाच्या मेमरीतली राखून ठेवलेली जागा. माइकमधून आलेला आवाज आधी माझ्यात पडतो, मग जिथे जायचा तिथे जातो. स्पीकरमधून निघणारा आवाजही आधी माझ्यातच ओततात. थोडक्यात, मी आवाजाचे भांडे आहे. तुमच्या घरी वापरलेले भांडे विसळतात. खरकट्या पेल्यात पाहुण्याला पाणी दिले, तर पाहुणा पुन्हा येत नाही आणि आपल्या चार नातेवाइकांनाही येऊ देत नाही. एवढी साधी गोष्ट मला घडवणाऱ्यांना कळू नये?

मला घडवले एका नवराबायकोने. दोघे एकाच कचेरीत, एकाच टेबलाशी बसून ऑडिओ ड्रायव्हर लिहीत असत. ड्रायव्हर म्हणजे आवाजाची ने-आण करणारा प्रोग्राम. मला कोणाच्या हाती द्यायचे, कधी काढून घ्यायचे, हे तोच ठरवतो.

"एकाकडून काढून दुसऱ्याला देताना हे भांडं पुसायला नको का रे?" बायकोने विचारले.

"अगं, नवा आवाज आला की जुना आपोआप झाकला जातो."

"आणि नवा अर्ध्यातच संपला तर? खालचं खरकटं तसंच राहील."

"तळ बघायला कोण येतंय? पुसत बसलो तर वेळ जातो. आपल्याला वेग हवाय."

"घरीही तू भांडी अशीच घासतोस."

"घरी कोणी तक्रार केलीय?"

"रोज करते. तुला ऐकू येत नाही, इतकंच."

दोघे हसले, चहा प्यायले आणि मी तसाच राहिलो.

पुढे माझी नेमणूक कानाच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात झाली. पेशंट बोले, त्याला विचारून माइक ते टिपून घेई आणि प्रोग्राम टिपण तयार करी. काम झाले की बाई एक बटण दाबत. बाहेरच्या खोलीतला स्पीकर म्हणे, "पुढचे, आत या." दोन्ही कामांना भांडे एकच, मी. "किती स्वच्छ आवाज आहे!" असे माझे कौतुकही होई. स्वच्छ! मला हसावे की रडावे कळेना, कारण "पुढचे, आत या" हे चारच चमचे होते आणि मी चांगला डेगभर. वरचे झाकले जाई, तळचे बाहेर सांडे. कधी "आत या" नंतर मागच्या पेशंटची शिंक ऐकू येई. बाहेरचे लोक म्हणत, "डॉक्टरांच्या यंत्रालाच सर्दी झाली!" सगळे हसत. शिंकेवर हसणे सोपे असते.

मग एके दिवशी गाण्याच्या बाई आल्या. गल्लीतल्या निम्म्या मुली त्यांच्याकडे गाणे शिकत.

"डावा कान तर गेलाच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता उजवाही जातोय. हे बाहेर कळलं, तर माझा वर्ग संपला. मुली बेसूर गातात की नाही, ते हल्ली मी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखते."

"इथलं बाहेर जात नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या खरेच बोलत होत्या. खोटा होता तो माझा ड्रायव्हर.

गाण्याच्या बाई उठल्या, दार उघडून बाहेर निघाल्या. इकडे बटण दाबले गेले.

"पुढचे, आत या... गातात की नाही, ते हल्ली मी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखते."

मित्रांनो, मला हात असते तर मी स्वतःचेच तोंड दाबले असते.

बाहेर एका शिष्येची आई बसली होती. "अगोबाई, हा तर आमच्या बाईंचा आवाज!" असे ती मोठ्याने बोलून गेली. बाईंना ना स्पीकर ऐकू आला, ना ती. पण त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहऱ्यावरचा बेसूर ओळखण्यात त्या पटाईत होत्या.

"काय झालं गं?"

"काही नाही बाई. पुढचे या म्हणाला, इतकंच."

काही दिवसांनी तीच आई आपले कान दाखवायला आली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मुलीचं गाणं सोडवलं. शिकवणारीलाच ऐकू येत नसेल, तर आम्ही तरी काय करणार?" असे करणारी ही एकटीच असेल, असे समजण्याइतका मी भोळा नाही.

डॉक्टरीणबाईंची तक्रार गेली, तेव्हा नवराबायको दोघेही दवाखान्यात आले. नवरा म्हणाला, "मेमरी गळतेय." ऐकलेत? मी गळतो म्हणे! खरकटे ठेवले यांनी आणि गळका मी! बायको संगणकाशी बसली. तिने सरळ ड्रायव्हरमध्ये नव्या ओळी लिहिल्या. कोणाच्याही हाती देण्याआधी मला शांततेने भरायचे. नवा आवाज लहान असेल, तर उरलेली जागाही शांततेनेच भरायची.

"किती वेळ वाढला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

नवरा मान खाली घालून म्हणाला, "पापणी लवते ना, त्याहूनही कमी."

पापणी! एका पापणीसाठी एका बाईचा वर्ग मोडला!

आता मी स्वच्छ आहे. माझ्या तळाशी शांततेखेरीज काही नाही. परवा गाण्याच्या बाई पुन्हा आल्या. डॉक्टरीणबाईंनी जवळ सरकून मोठ्याने विचारले, "वर्ग कसा चाललाय?"

बाईंनी आधी टेबलाकडे पाहिले.

"तो माइक बंद करा. मग सांगते."

माइक बंद झाला. पुढचे मला कळले नाही. त्या चुकल्या असे कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी प्रोग्राम लिहायला बसलात, तर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी मला विसळा. तेही पहिल्याच दिवशी. नंतर भांडे लख्ख होते हो, पण त्यातून पाणी प्यायला कोणी येत नाही.