पुढून लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुने, पत्र्याचे, वीतभर लांबीचे डिझेल इंजिन आहे. खेळण्यातले. तोंडाचे फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या कपाळावर काय काय चिकटवले गेले ते आठवले की मला अजून शिसारी येते.

मला भिकनबाबांनी घडवले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला कोळशाची गाडी नेणारे ते ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांनी दूधपावडरीचा डबा कापून माझे अंग केले, टेपरेकॉर्डरची मोटर पोटात बसवली आणि कपाळावर बॅटरीचा पिवळा बल्ब लावला. हॉलमध्ये रूळ मांडले. तेलाच्या डब्याचा बोगदा केला.

नोकरीच्या दिवसांत त्यांच्या पत्नी लताबाई क्वार्टरच्या मागच्या दारातून रुळांकडे बघत असत. पिवळा दिवा दिसला की "आले" म्हणत आणि तवा ठेवत. ती सवय पुढे माझ्या वाट्याला आली. रोज संध्याकाळी मी बोगद्यातून बाहेर पडले की स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज येई, "आले." बाबा तर शेजारीच खुर्चीत बसलेले असत. तरी त्या म्हणत. त्या शब्दासाठी मी धावत असे.

मग बाबा गेले. थोड्याच दिवसांत माझा बल्बही गेला, आणि मी प्रफुल्लच्या तावडीत सापडले.

प्रफुल्ल म्हणजे बाबांचा मुलगा. नाशिकरोडला मोटारसायकलींना दिवे बसवण्याचे त्याचे दुकान आहे. त्याने माझ्या कपाळावर निळसर पांढरा एलईडी ठोकला. शी! दवाखान्यातल्या ट्यूबलाइटसारखा तो उजेड. आजच्या नव्या इंजिनांना शोभत असेल, मी जुन्या काळचे. नाकापेक्षा मोती जड. लताबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला.

"डोळे दिपले रे माझे," त्या म्हणाल्या.

"थांब आई, एकदम भारी करतो," प्रफुल्ल म्हणाला.

बाबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला त्याने मला सगळ्या नातेवाइकांसमोर सोडले. कपाळावर लालभडक एलईडी. दुकानात तोच जास्त खपतो म्हणे. पाहुणे "लई भारी" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ड्रायव्हरच्या पोटी जन्मून एवढे कळू नये? लताबाई दारात उभ्या होत्या.

"लाल दिवा शेवटच्या डब्याला असतो, प्रफुल्ल," त्या म्हणाल्या. "लाल दिसला म्हणजे गाडी पाठमोरी. हे आले नाहीत रे. हे चालले."

त्या आत निघून गेल्या. प्रफुल्लने मान खाली घातली. त्यानंतर मी कपाटावर पडले, अंगावर धूळ आणि पालीची घाण. घाणीचे काही नाही, पण संध्याकाळ झाली की मी स्वयंपाकघराकडे कान लावून बसे. तिथे कोणी काही म्हणत नसे.

शेवटी सून अंजलीने मला खाली काढून पुसले. प्रफुल्लच्या खणातले चार-पाच एलईडी घेऊन ती बाबांच्या फोटोसमोर बसली. तिथे मेणबत्ती लावलेली होती. एकेक दिवा पेटवून ती ज्योतीशेजारी धरू लागली. पांढरा बाद. निळसर बाद. एक कोमट पिवळा मात्र ज्योतीच्या बराच जवळ गेला.

"हाच लावा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि जरा मंद करा. आपल्या दुकानाची जाहिरात नाहीये ही."

प्रफुल्लने कथिलाचा डाग देऊन तो दिवा माझ्या कपाळाला जोडला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. पण हौसेपायी हाताला येईल ते चिकटवू नका. आधी विचारा, हिच्याकडे कोण बघत होते आणि त्यांना काय दिसत होते. मी पुसलेले अंग घेऊन बोगद्यात शिरले तेव्हा मला एवढीच धास्ती होती, लताबाईंना आता काय दिसेल.

बाहेर पडले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"आले," लताबाई म्हणाल्या. "अंजली, तवा ठेव."