भय्याजींच्या खोलीतलं बियाणं

भय्याजींच्या खोलीत एक दिवाण, एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीत दोन फळ्या, फळ्यांवर औषधाच्या सहा बाटल्या, वाफ घ्यायचं यंत्र, ताप पाहायचं थर्मामीटर आणि दिवाणाशेजारी चार चाकांवर उभा असलेला, आत तेल भरलेला अकरा पात्यांचा पांढरा हीटर, एवढं सामान होतं. खिडकी एक, आणि तिच्या फटीत त्यांच्या बायकोने, रुखमाने, जुन्या लुगड्याची चिंधी कोंबलेली.

हीटर दिवाळीनंतर त्यांच्या मुलाने, मनिषने, नागपूरहून आणून दिला होता. भय्याजींच्या छातीला धूर सोसेनासा झाला, डॉक्टरांनी शेगडी बंद करायला सांगितलं, आणि सानगडीतल्या त्या घरात पहिल्यांदाच विस्तवाशिवाय हिवाळा आला. हीटरची पिन जाड होती. ती बसेल असं सॉकेट घरात एकच, तेही वायरमनने याच खोलीच्या भिंतीत ठोकून दिलेलं. त्यामुळे हीटर दुसरीकडे हलवायची सोय नव्हती.

शेजारचे गोमाजी पहिल्या दिवशी तो पाहायला आले, तेव्हा यात तेल कोणतं, जवसाचं की मोहरीचं, आणि किती दिवसांनी भरावं लागतं, असं त्यांनी विचारलं होतं. तेल आत कायमचं बंद आहे, ते जळत नाही, नुसतं तापतं आणि पात्यांना तापवतं, हे मनिषने समजावलं. गोमाजींनी पात्यांवर दोन्ही हात धरून पाहिले, खरं आहे म्हणाले आणि उठून गेले. पुन्हा फारसे आले नाहीत. शेगडीभोवती चार माणसं आपोआप जमतात, विडी पेटते, गोष्टी निघतात. हीटरला ना उजेड ना आवाज. भय्याजी म्हणायचे, ऊब चांगली आहे, पण मुकी आहे.

रुखमाला त्या दिवसांत घोर होता तो बियाण्याचा. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे तर बियाणं आधी भिजवून, पोत्यात बांधून, भाताच्या पेंढ्याच्या, तणसाच्या ढिगात दाबून ठेवायचं. तणसाच्या उबेने मोड आले की चिखलात पसरायचं. दरवर्षी हे काम भय्याजी करत. यंदा ते खाटेला खिळले, तेव्हा जमीन ठोक्याने, ठरावीक पैशांवर दुसऱ्याला कसायला, देऊन टाकू, असं मनिषने फोनवर दोनदा सुचवलं होतं. एक पीक मी काढून पाहते, मग ठरवू, असं रुखमाने त्याला सांगितलं. पण त्या डिसेंबरात थंडी अशी पडली की तणसाचा ढीगच आतून गार झाला. अर्धं पोतं उघडलं तर आंबूस वास, दाणे चिकट, मोड कुठे एखादा. तिने ते उकिरड्यावर ओतलं. उरलेलं अर्धं पोतं हे घरचं शेवटचं बियाणं होतं, चांगल्या लोंब्या निवडून तिने स्वतः झोडपलेलं.

तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, अजून पाणी नव्हतं. गोमाजींच्या बोअरवर चिखल तयार होता आणि त्याचा एक कोपरा ते तिला देणार होते. मात्र त्यांनी अट घातली होती. परवा सकाळी शंभर दाण्यांत ऐंशी मोड दिसले तर टाक, नाहीतर कोपरा तुलारामला देतो, तो कधीचा मागून राहिला. रुखमाला हे वाजवी वाटलं. विरळ पऱ्ह्यांनी बांधी भरत नाही, हे तिलाही कळत होतं.

बियाणं भिजवून, निथळून तिने ओसरीत ठेवलं आणि खोलीच्या दाराशी नुसती उभी राहिली. ओल्या पोत्याचा दर्प भय्याजींच्या छातीला चालेल की नाही, याचा तिला अंदाज येईना. भय्याजींनीच वर पाहिलं.

"काहून उभी आहेस व? आण ना इकडं. मी एकटा कायले तापून राहिलो इथं?"

"तुमाले दम लागंल."

"लागला तं सांगीन. तोंड आहे मले."

पोतं आलं. आता ते ठेवायचं कुठे, यात रुखमाने चूक केली. तणसात पोतं चारी बाजूंनी दाबतात, मधे फट ठेवत नाहीत, ही तिची सवय. तिने पोतं हीटरला टेकवलं, वरून दुसरं रिकामं पोतं पांघरलं, कडा नीट खोचल्या आणि दूध काढायला गेली. भय्याजींचा डोळा लागला होता.

परत आली तेव्हा ते उठून बसले होते आणि पांघरलेलं पोतं जमिनीवर पडलं होतं. हीटरचा लाल दिवा विझलेला. फार तापल्यावर तो आपणहून बंद पडतो, तसा पडला होता. भय्याजींनी आपला उजवा तळवा तिच्यापुढे धरला, लाल झालेला.

"टेकलेल्या बाजूले हात घालून पाह्य," ते म्हणाले. "बियाणं व्हय ते, उसळ नोहे."

रुखमाने हात घातला आणि काढला. तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली. मग तापलेल्या बाजूचे दाणे ओंजळीने काढून तिने एका टोपल्यात वेगळे केले. टोपलं जवळपास भरलं. बाकीचं बियाणं कोमट होतं. ते वाचलं की नाही हे आत्ता डोळ्यांनी कळण्यासारखं नव्हतं.

हीटर पुन्हा सुरू झाला तेव्हा पोतं त्याच्यापासून हातभर लांब, खुर्चीवर होतं. खोलीच तापू द्यायची, पोतं नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. पण किती? तणसात हात घातला की भय्याजींना बरोबर कळायचं. खोलीच्या उबेचा त्यांच्या हाताला सराव नव्हता, आणि उजवा तळवा तर भाजलेला. त्यांनी फळीवरचं थर्मामीटर काढलं, त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि पोत्याच्या मधोमध खुपसलं. पडद्यावर आकड्याऐवजी नुसती इंग्रजी अक्षरं आली.

"हे काय म्हणते?" रुखमाने विचारलं.

"गार आहे म्हणते. माणूस असता तं मेला म्हटलं असतं."

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

पुढचं सगळं भय्याजींनी हातात घेतलं. दर थोड्या वेळाने ते थर्मामीटर खुपसत, कोमट पाण्याचा हबका मारत, आणि रुखमाला हाक मारून पोतं उलटंपालटं करायला लावत. खोली इतकी तापली की त्यांनी स्वेटर काढला, मग सदरा. बाहेर सगळं गाव कान झाकून फिरत होतं आणि भय्याजी बनियनवर बसून पोत्याची नाडी पाहत होते. दम लागला नाही. एकदा खोकला आला, तेव्हा रुखमा धावत आली, तर ते हाताने तिला परत जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर चौतीस आलं, संध्याकाळी सदतीसच्या वर. खोली त्याहून थंड होती. दाणे जागे झाले की स्वतःच ऊब सोडतात. तेव्हा हीटरपेक्षा त्यांचीच धास्ती असते, कारण मधले दाणे गुदमरून मरतात. भय्याजींनी हीटर बंद करायला लावला आणि पोत्याचं तोंड सोडलं. रुखमाने बियाणं चटईवर पातळ पसरलं. गोमाजी बातमी ऐकून आले, दार लावून घेतलं आणि भिंतीला पाठ टेकून बसले. बंद हीटरची पाती अजून उबदार होती. त्यांनी तिकडे पाय पसरले.

"धानाले हीटर, अन् आमाले गोधडी," ते म्हणाले. "पुढच्या जन्मी बियाणंच व्हावं बावा."

"होशील तं नीट रुजजो," भय्याजी म्हणाले. "नाईतं हे बाई उकिरड्यावर टाकते."

रुखमा हसली नाही. तिचे डोळे चटईवर होते. तिने मनिषचा वाजणारा फोन तसाच वाजू दिला.

ठरलेल्या सकाळी गोमाजी चिखलाचे पाय धुऊन आले. मोजणी त्यांनी रुखमालाच करू दिली, निवड मात्र आपण केली. चटईच्या कडेचे, मधले, खालचे, असे डोळे मिटून शंभर दाणे उचलून त्यांनी पितळी ताटात ठेवले. पांढरा कोंब दिसला तरच मोड धरायचा, नुसता फुगलेला दाणा धरायचा नाही, हे आधी ठरलं. रुखमा मोड आलेला दाणा उजवीकडे सरकवायची, न आलेला डावीकडे. भय्याजी दिवाणाच्या कडेवर पुढे झुकून पाहत होते. एक दाणा तिने बराच वेळ उजेडात धरला आणि डावीकडे ठेवला. संपल्यावर तिने दोन्ही ढीग परत मोजले.

उजवीकडे सत्याऐंशी होते, डावीकडे तेरा.