चौपन्न किलोंचं पोतं

चाळिसाव्या दिवशी चर्चच्या दालनात पुरुषांच्या रांगेतली पहिली खुर्ची गॅरेजात काम करणाऱ्या सार्किसला मिळाली. रिंदालाचे सख्खे काका दुसऱ्या खुर्चीवर. गाव एकेक करून आलं, सार्किसचा हात धरून "देव तुला धीर देवो" म्हणालं आणि पुढे सरकलं. पलीकडे बायकांत बसलेली रिंदाला ते पाहत होती. बाप तिचा गेला होता; सांत्वन त्याचं चाललं होतं.

बापाला सगळे अबू शाहीन म्हणत, शाहीनचा बाप. मुलगा होईल त्याला आजोबांचं नाव मिळणार, म्हणून लग्नाआधीच लोकांनी ही हाक सुरू केली. पुढे झाली एकटी रिंदाला, पण हाक बदलली नाही. लहानपणी तिला वाटे, हा शाहीन कुठेतरी आहे आणि एक दिवस आपली जागा मागायला येणार. ती मॉन्ट्रियलला गेली त्याच वर्षी सार्किस बापाच्या गॅरेजात कामाला लागला, तेव्हा तिला कळलं, तो आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरेजात गेली. रविवारी घाटाच्या चढणीवरची शर्यत होती आणि सार्किस पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. याच गाडीवर बापाने तिला चालवायला शिकवलं होतं.

"बॅटरी कुठंय?" तिने विचारलं.

"डिकीत. दोन वर्षं झाली. मुअल्लिमनीच हलवली. नाक हलकं झालंय, वळणावर लेकरासारखी ऐकते." बापाला तो मुअल्लिम म्हणे, म्हणजे उस्ताद.

विसाव्या वर्षापासून रिंदालाने बापाच्या मागे धोशा लावला होता, बाबा, बॅटरी मागे घ्या ना. तो म्हणे, आधी चालवायला शीक, मग गाडीला बोल लाव. आणि याच्यासाठी लगेच?

तिने डिकी उघडली. जाड तार गाडीच्या पोटातून मागे आणलेली, वीतभर अंतरावर मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेली. पत्र्यातून जाते तिथे रबराची कडी. बॅटरीला झाकणाची पेटी, वाफ बाहेर जायला नळी. इतकं निगुतीने केलेलं काम तिने बापाच्या हातचंही फार पाहिलं नव्हतं.

"पण उजव्या वळणाला मागून घसरते," सार्किस मान खाली घालून म्हणाला. "डावीकडे लोणी. उजवीकडे नाही. माझाच हात चुकतो."

"बॅटरी सरकवून पाहिलीस?"

"मुअल्लिमच्या हातचा बोल्ट मी सोडू? काय बोलतेस, मॉन्ट्रियलवाली!"

घसरू दे, तिच्या मनात आलं. साऱ्या गावादेखत घसरू दे. हा विचार तिला आवडला, आणि आवडल्याची लाजही वाटली नाही.

"बॅटरी बसवताना चाकांवरचं वजन कसं घेतलं होतं?"

"नेहमीसारखं. ऑलिव्हच्या घाण्यावरून चार काटे आणले, एकेका चाकाखाली एक. आणि चालवणाऱ्याच्या जागी ते पोतं." त्याने कोपऱ्याकडे बोट केलं.

"पोतं कशाला? तू होतास ना?"

"मी म्हटलं, मी बसतो. म्हणाले, तू बाजूला हो, काटे वाच."

बुरगुलचं, भरड गव्हाचं पोतं होतं, तोंड त्याच मेणाच्या दोऱ्याने शिवलेलं. रिंदालाने ते ओढत गॅरेजातल्या लहान काट्यावर नेलं. काटा हलला, थांबला. चौपन्न.

"तुझं किती?"

"त्र्याऐंशी," सार्किस पोटावर हात ठेवून म्हणाला. "आईच्या तळलेल्या किब्ब्याला विचार."

दर रविवारी फोनवर बाप शेवटी तेच विचारायचा. वजन किती आता? चौपन्न, बाबा. नक्की? चौपन्नच, जेवते मी, दर वेळी काय तेच! तिला वाटे, म्हातारा जेवणाची काळजी करतो. बॅटरी हलवली त्याच उन्हाळ्यात तिने घरी यायचं तिकीट रद्द केलं. पुढच्याही. मग उभ्या उभ्या गंजायला नको म्हणून गाडीची किल्ली सार्किसकडे गेली असणार.

गप्प बसणं सोपं होतं. तो घसरत राहिला असता, आणि बॅटरी तिच्या मापाने तशीच राहिली असती. बापाने तिच्यासाठी केलेलं शेवटचं काम.

"घाण्यावरून काटे आण," ती म्हणाली, "आणि आत बस."

सार्किस डावीकडे, चालवायच्या जागी बसला. तिने चारही काटे वाचले, कागदावर आकडे मांडले, डावी बाजू जड निघाली, आणि तिने बापाचे बोल्ट एकेक करून सोडले. दोन वीत उजवीकडे, चाकाजवळ, नवी भोकं पाडून नवे बोल्ट घेतले. बॅटरी जड होती. ती उचलायला तिने त्याला हात लावू दिला नाही.

"म्हणजे मुअल्लिम चुकले होते?" सार्किसने हळूच विचारलं.

"नाही."

तिने पुढे काही सांगितलं नाही. एवढं एक तिला एकटीला हवं होतं.

"जुनी भोकं वेल्ड करून बुजवतो. पाणी येईल आत."

"खालून रबर लाव," बापाचे चारही बोल्ट खिशात टाकत ती म्हणाली. "भोकं राहू दे."