रविवारचा लाल

ओरावान रविवारी कधी कामावर येत नसे. पण त्या रविवारी मे क्लोंगच्या बंदरात मासळीच्या होड्या एकदम लागल्या, बर्फ पुरेना, आणि बर्फाच्या कारखान्याने सगळ्यांना बोलावून घेतलं. तिचा नवरा थावोर्न बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया गॅसची गळकी झडप बदलायला खाली यंत्रखोलीत उतरला. ती वर कचेरीत संगणकापुढे बसली.

त्या पडद्यावर कारखान्यातल्या प्रत्येक खोलीची एक ओळ असे. सगळं ठीक असलं की अक्षरं काळी, धोका असला की लाल. भोंगाही होता, पण त्याची तार खाऱ्या हवेने खाल्ली होती आणि दुरुस्ती आज-उद्यावर चालली होती.

सुरुवातीला पडद्यावरच्या थाई अक्षरांची डोकी छाटल्यासारखी दिसायची. यंत्रणा बसवायला आलेल्या माणसाने तिला सेटिंग उघडून दाखवलं होतं. "फॉन्ट बदला, अक्षर मोठं करा, मागचा रंग हवा तो घ्या. फक्त इशाऱ्याच्या रंगाला हात लावू नका." तिने कधी लावला नाही. गोल वळणाचा फॉन्ट घेतला, चष्म्याला झेपेल एवढा वाढवला, आणि रोज सकाळी मागचा रंग वाराप्रमाणे लावू लागली. सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा. अंगावर वाराचा रंग असला की दिवस नीट जातो, मग पडद्यावर का नको?

"पी ओर, मिरची वाटून ओतलीत की काय पडद्यावर?" शेजारच्या टेबलावरची चिंतना म्हणाली. वयाने धाकटी, म्हणून ती ओरावानला 'पी' म्हणे; वयाने मोठ्या कुणालाही, बाई असो वा पुरुष, तसंच म्हणत.

"रविवार आहे. लालच लागतो."

"डोळे दुखतात हो."

"मग इकडे कशाला बघतेस? तुझ्या पावत्या बघ."

चिंतना हसत पावत्यांकडे वळली. ओरावानने पडद्यावर नजर फिरवली. गोदाम, ठीक. पाण्याची टाकी, ठीक. मधली एक ओळ मात्र रिकामी होती. तिला वाटलं, मोठ्या अक्षरांमुळे काहीतरी सरकलं असेल. तिने माउस धरून त्या रिकाम्या जागेवरून ओढला. निळा पट्टा उमटला आणि त्यात पांढरी अक्षरं वर आली.

यंत्रखोली: गॅस गळती.

लाल ओळ लाल रंगात बुडाली होती. केव्हापासून?

तिने थावोर्नला फोन लावला. घंटी तिच्याच पाठीमागे वाजली. फोन त्याच्या पिशवीत होता, पिशवी खुर्चीला.

"चिंतना! खाली गॅस सुटलाय. थावोर्न आत आहे. लुंग प्रयुनना हाक मार, गॅसचा मुखवटा घ्यायला सांग!"

चिंतना लुंग प्रयुनकडे, कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यांच्या काकांकडे धावली. ओरावान यंत्र बंद करायचं बटण शोधू लागली. तेही लाल अक्षरांचं. पडद्याच्या तळाशी, एवढं तिला माहीत होतं, पण अक्षर वाढवल्यापासून सगळंच इकडेतिकडे झालं होतं. तिने अंदाजाने दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग तिने सेटिंग उघडलं आणि हाताला लागला तो पांढरा रंग ठोकला.

पडदा पांढरा झाला. आता गोदामाची ओळही लाल होती.

तिने बटण दाबलं. जमिनीखालची घरघर थांबली. हवा बाहेर ओढणारे पंखे सुरू झाले. ती जिन्याकडे पळाली.

यंत्रखोलीच्या दाराशी वास नाकात सुयांसारखा घुसला. ती आत शिरणार तोच चिंतनाने मागून तिचा झगा धरला.

"वेड लागलंय का, पी ओर? लुंग गेलेत आत."

"सोड मला!"

"तुम्ही पडलात तर ते कुणाकुणाला उचलतील?"

दार अर्धं उघडं होतं आणि आत नुसता पांढरा धूर. ओरावान दाराच्या चौकटीला नखं रुतवून उभी होती. तिला खोकल्याचा आवाज ऐकायचा होता. आवाज येत नव्हता.

मग धुरातून काकांची पाठ दिसली. ते मागे मागे येत होते, थावोर्नला काखेत धरून ओढत. त्याच्या तोंडावर ओला सदरा होता.

"कोपऱ्यातल्या नळाखाली बसला होता," काकांनी मुखवटा काढला. "शहाणा आहे. डोळ्यांवर पाणी घाल, थांबू नकोस. मी गाडी आणतो."

अंगणात तिने नळी धरली. थावोर्न खोकत होता, पापण्या सुजून मिटल्या होत्या.

"पी थावोर्न, डोळे उघडा."

"जळतंय."

"उघडा म्हणते ना!"

त्याने बोटांनी डावी पापणी वर केली. डोळा लालभडक झाला होता. पाणी त्यावरून वाहत राहिलं. तो बराच वेळ तिच्या दिशेने बघत होता.

"धूसर आहे," तो म्हणाला. "पण तू रडतेस, एवढं दिसतंय."

"आणि दुसऱ्या डोळ्याने?"

त्याने उजवी पापणी उचलली. बुबुळ तिच्या चेहऱ्यावरून पुढे सरकलं, कुठेच थांबलं नाही.

"पाणी चालू ठेव, ओर," तो म्हणाला.