भिवापूरचा डबा अन् काचेचं झाकण

मी जे सांगून राहिली ते अक्षर न् अक्षर खरं हाय. आमच्यात देवाची शपथ खात नाही. अन् नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ खाणारी बाई मले कधी पटली नाही, पोराचं डोकं काय रस्त्यावर पडलं हाय? म्हणून मी माह्या माहेरच्या मिरचीची शपथ खाते. भिवापुरी मिरचीची. खोटं बोललं तं जिभेले अशी आग लागन का ताकाच्या घागरीनंही विझणार नाही. ज्याले खात्री करायची असन त्यानं इंदोऱ्याले यावं, पार्वतीबाईचं घर कोणीही दाखवन.

आमचा बुढा, बळीराम, रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गार्ड होता. इतवारीहून गाडी निघे ते उमरेड, भिवापूर करत नागभीडले जाय. मिरचीच्या दिवसांत भिवापूर स्टेशनात ते इंजिन शिंकत होतं. डिझेलचं इंजिन, तरी शिंके. पोती चढली का ड्रायव्हर हॉर्नले हातच लावत नव्हता, हॉर्न आपोआप वाजे. हसा तुमी. त्या गाडीत बसले असते तं हसले नसते.

रिटायर झाल्यावर बुढ्याले डबे जोडायचा नाद लागला. बाहेरगावाहून खोका येते, किट म्हणते त्याले. त्यात डब्याच्या भिंती, छत, खिडक्या, चाकं, सगळे सुटे तुकडे राहते. घासा, चिकटवा, रंगवा, का वीतभर लांबीचा आगगाडीचा डबा तयार. दुसऱ्याचे बुढे बगिच्यात फिरायले जाते, माह्या हा टेबलावर मालगाडी भरत बसे. शोकेसमधले माह्ये चांगले कप खाली ओट्याखाली गेले अन् वॅगनी वर जाऊन बसल्या. मी काही बोलली नाही. म्हणजे रोज बोलली, पण फायदा झाला नाही.

मग साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. आता त्याले खिडकीतला उजेड समजते, खिडकीत कोण उभं हाय ते समजत नाही. मले वाटलं आता सुटला नाद. कुठी सुटते. एक किट तसंच पडून होतं, छोट्या लाइनीचा गार्डचा डबा. ज्यात त्यानं नोकरी काढली तोच.

"हा एक करू वं," तो म्हणे. "मंग नाही म्हणणार."

तं आमी दोघांनी मिळून केला. तो बोटानं सांगे अन् मी डोळ्यानं करे. खोक्यातल्या भिंती सपाट होत्या, साबणाच्या वडीसारख्या.

"रिवेट पाहिजे," बुढा म्हणे. "लोखंडाचा डबा होता तो, त्याले टिकल्या होत्या."

मी सुईच्या टोकावर खसखशीचा एक एक दाणा घेऊन फेविकॉलनं लावला. एक ओळ झाली का तो बोट फिरवे अन् म्हणे, "हा दाणा ओळीबाहेर गेला." काढ, परत लाव. लग्नात माह्या हातावर मेंदी काढली तवा एवढी बारकाई कोणी केली नव्हती. दाराच्या मुठीले म्या ब्लाउजचे हूक वापरले. आजही माह्ये दोन ब्लाउज टाचणीवर चालून राहिले.

अन् नवीन डबा या लोकायले आवडत नाही, हे ऐका. तो जुना दिसला पाहिजे. काजळी लावायची, गंज काढायचा, पावसाचे ओघळ काढायचे. घर पुसता पुसता माह्यी उमर गेली, अन् आता नवरा म्हणून राहिला, "पार्वती, जरा नीट मळव."

"गार्डच्या दारात लाल धूळ पाहिजे," तो म्हणला. "पोती माह्याच डब्यात चढे. ती धूळ फटीतून कधी गेली नाही."

मी माहेरची मिरची खलबत्त्यात कुटली, मलमलीतून चाळली अन् दारात, पायरीवर, फळ्यांच्या फटीत ब्रशनं भरली. बाकी डब्याले वार्निश मारला, तिथं नाही मारला. वास मरते.

आता मुद्द्याची गोष्ट. वार्निश वला होता म्हणून मी बुढ्याले हात लावू दिला नाही. भिंती त्यानं पाह्यल्या होत्या, छत पाह्यलं होतं, पण पुरा जोडलेला डबा त्यानं एकदाही पाह्यला नव्हता. पाहणं म्हणजे बोटानं. दुसरं पाहणं त्याच्यापाशी उरलंच नाही.

"उद्या प्रदर्शनात पाहा," मी म्हणली. "तिथं वाळलेला राहीन."

"नक्की नं?"

"नक्की."

असं वचन दिलं मी.

प्रदर्शन धरमपेठेत एका हॉलात होतं. आमची नात मोनाली सकाळीच डबा देऊन आली, अन् दुपारी आमाले ऑटोनं घेऊन गेली. बुढ्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. हॉलात रूळ मांडलेले, डोंगर, बोगदे, पूल, अन् त्यावरून बारक्या बारक्या गाड्या चालून राहिल्या. आमचा डबा मधोमध ठेवला होता. मी बुढ्याचा हात धरून टेबलापाशी नेला अन् डब्यावर ठेवला.

त्यानं बोटं फिरवली. कपाळाले आठ्या पडल्या.

"हा गुळगुळीत काहून झाला वं? टिकल्या कुठी गेल्या? अन् एवढा मोठा?"

मी नीट पाह्यलं. डब्यावर काचेची पेटी उलटी घातलेली होती.

"डबा नाही हो हा," मी म्हणली. "काच हाय."

तेवढ्यात बिल्ला लावलेला एक माणूस पळत आला. केशव सर म्हणत होते त्याले, सगळा कारभार त्याचाच.

"काकाजी, प्लीज, काचेला हात नका लावू. डाग पडतात."

"काच काढा," मी म्हणली. "याले डबा पाहायचा हाय."

"दिसतोय ना काचेतून."

"तुमाले दिसते. याले डोळे नाही."

तो एकदम मऊ झाला. मऊ झालेला माणूस जास्त वाईट, सांगून ठेवते. खांद्यावर हात ठेवून बोलते अन् करत काही नाही.

"आजी, मी समजू शकतो. पण नियम सगळ्यांना सारखा. मागच्या वर्षी हाताळून एकाचं इंजिन मोडलं."

"ते दुसऱ्याच्या हातानं मोडलं असन. हा याचा सोताचा डबा हाय."

"मान्य आहे. पण एकाला उघडून दिलं की सगळे मागतात. परत आल्यावर घरी पाहू द्या त्यांना निवांत."

"कुठून परत?"

मोनालीनं खाली पाह्यलं. "आजी, इथून डबा डायरेक्ट जबलपूरच्या प्रदर्शनाले जाते. मंग पुढं अजून कुठं कुठं. मीच हो म्हणली. मले वाटलं आजोबाले आनंद होईन."

"मी वाटल्यास एक काम करतो," केशव सर म्हणला. "मोठा फोटो काढून देतो. फ्रेम करून."

ऐकलं? आंधळ्या माणसाले फोटो. फ्रेम करून. म्हणजे तिथंही वरून काचच.

माह्या अंगाचा असा भडका उडाला का विचारू नका. आजूबाजूले लोक मोबाईल काचेले लावून फोटो काढत होते. काय डिटेल हाय म्हणत होते, रिवेट पाहा म्हणत होते. ज्याच्या बोटानं एक एक दाणा जागेवर बसला त्याले सोडून हॉलातल्या सगळ्यायले तो डबा पाहायची परवानगी होती. एक पोट्टं तं सामोसा खात खात पाहून राहिलं होतं. त्याच्या डोळ्याले तेल लागत नाही, म्हणून चालते.

बुढा म्हणला, "चाल वं घरी. जाऊ दे."

हे त्यानं म्हणलं नसतं तं मी कदाचित भांडून गप बसली असती. पण छोट्या लाइनीवर एवढी वर्षं शिट्टी फुंकणारा माणूस असा हळू बोलला का मले सहन होत नाही.

तेवढ्यात केशव सर काचेपाशी वाकला. "एक विचारायचं राहिलं, आजी. दारातली ही लाल पावडर कोणती? आम्ही बाहेरची वापरतो, तिला हा रंग येत नाही."

मी साळसूद तोंड केलं. "घरची हाय, सर."

"कशाची पण?"

"आता कसं सांगू. ते डोळ्यानं समजत नाही. नाक जवळ न्या, लगेच समजन. पण राहू द्या, नियम हाय तुमचा."

मोनालीनं माह्या पदर ओढला. "आजी, नको."

"गप वं."

अन् त्यानं काच उचलली. बुढ्याच्या बोटासाठी उचलत नव्हता, सोताच्या नाकासाठी उचलली. नियम सगळ्यायले सारखा. काच बाजूले ठेवली, गार्डच्या दारापाशी नाक नेलं अन् असा लांब श्वास घेतला जसा कोणी मोगरा हुंगते.

पयल्या शिंकेले टेबलावरचा डोंगर हलला. पुढच्या शिंकेले त्याचा चष्मा उडाला तो चालत्या मालगाडीत पडला, अन् ती मालगाडी चष्मा घेऊन बोगद्यातून पुलावरून सगळा हॉल फिरून आली. धूळ उडली तशी रांगेतले लोकही सुरू झाले. सामोस्याचं पोट्टं टेबलाखाली गेलं. केशव सर डोळे चोळत नळाकडे पळाला. मिरचीचे डोळे चोळू नये हे त्याले कोणी शिकवलं नव्हतं.

मी बुढ्याचा हात धरला अन् डब्यावर ठेवला. या वेळी डब्यावरच.

त्यानं छतावरून बोटं नेली, खाली उतरवली, टिकल्यांच्या ओळीवरून हळूहळू सरकवली. मुठीपाशी थांबला.

"हा हूक उलटा लावला तू."

"तुमीच तसा लाव म्हणले होते."

"मी कायले म्हणन?"

"बरं, उलटा तं उलटा. पुढं पाहा."

बोटं पायरीवर आली, दारात गेली. ते बोट त्यानं नाकापाशी नेलं. आजूबाजूले सगळे खोकलत होते, अन् हा एकटा ताठ उभा, जसा हिरवी झेंडी दाखवायले उभा राहे.

"भिवापूर आलं," तो म्हणला.

केशव सर लालबुंद तोंडानं परत आला. चष्मा नव्हता म्हणून पयले मोनालीलेच बोलला, मंग त्याले मी सापडली.

"आजी, ही मिरची आहे. तिखट."

"हव."

"बोर्ड वाचला नाही? खाद्यपदार्थ आत आणायला बंदी आहे. हा डबा मी इथे ठेवू शकत नाही. जबलपूरला तर मुळीच पाठवणार नाही."

मले हे अजूनही झोंबते. माह्या नवऱ्याचा गार्डचा डबा, अन् याच्या लेखी तो खाद्यपदार्थ. त्या सामोस्यापेक्षा आमचा डबा खाण्यासारखा होता का? मी हे विचारणार होती, पण मोनालीनं डबा पिशवीत घातला अन् मले दंडाले धरून बाहेर काढलं. मागून शिंका चालूच होत्या.

ऑटोत मोनाली रुसून बसली. "आजी, आपल्याले हाकललं. मले उद्या तोंड दाखवायले जागा नाही."

बुढ्यानं पिशवीत हात घातला होता. इंदोऱ्यापर्यंत काढला नाही.

आता डबा घरी हाय. चहा झाला का बुढा तो मांडीवर घेते. बऱ्याच टिकल्या निघाल्या, वार्निश घासला, एक मूठ पडली. मी परत लावून देते. ज्याले काचेतले डबे पाहायचे त्यानं धरमपेठेत जावं.

एक तेवढं राहिलं. सकाळी बुद्धवंदनेत आमी खोटं बोलणार नाही असं म्हणतो, अन् ती ओळ आली का बुढा माह्याकडं मान वळवते. दिसत काही नाही, तरी वळवते. म्हणून सांगून टाकते. त्यानं बोट हुंगून "भिवापूर आलं" म्हणलं, ते मी बनवलं. तो म्हणला होता, "पार्वती, ही मिरची जरीपटक्याच्या बाजारातली हाय. भिवापूरची काहून नाही टाकली?"

माहेरची लोणच्यात संपली होती, काय करू. बाकी सगळं खरं हाय. इंजिन शिंकत होतं तेही.