राखेतली पावलं

मैनाबाई माळणीच्या परसात सकाळीच गाव लोटलं होतं. बदकांच्या खुराड्यापुढं पसरलेल्या राखेत इवली इवली पावलं उमटली होती, पाच बोटांची. आत सातवं बदक मान तुटून पडलेलं.

"जयवंताचं लेकरू हाय थे!" नत्थुजी भगत घुमत ओरडला. "दुधाविना गेलं, आता रगत पेते. काल मले सपनात बोललं!"

"सव्वा महिन्याचं लेकरू बोललं?" शेजारची गोदाबाई म्हणाली. "माहा नातू दोन सालाचा झाला, अजून 'बा' म्हनत नाही."

भगतानं डोळे वटारले.

"थट्टा करता? राखेत गुलाल कालवतो. उद्या पावलं लाल निघाली, त लेकरू मायसाठीच येते समजा; या जयवंताले गावाबाहेर काढा."

जयवंता मैनाबाईची सून. गावाला भय होतं, तिला नव्हतं. सात रात्रींमागं बाळ येतं, असं भगत म्हणाला, त्या दिवसापासून ती दिवेलागणीला बाळासाठी खुराड्याची कडी काढून उंबऱ्याशी दुधाची वाटी ठेवी. सकाळी रिकामी वाटी छातीशी धरून बसे. त्या संध्याकाळीही तिनं कडी काढली.

उजाडलं. पावलं लाल होती.

"काढा हिले!" भगत ओरडला.

जयवंता राखेपाशी बसली. एका पावलात तिनं बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तिथंच ठेवलं.

"भगतबुवा, माह्यं लेकरू कधी भुईवर टेकलंच नाही. याले चालनं कोनं शिकवलं?"

"मेल्यावर सारं येते!"

"नखं बी येतात काय?"

प्रत्येक बोटापुढं नखाचा टोचा होता. लाल माग कुडावरून चिंचेच्या खोडावर गेला होता. तिचा नवरा चंद्रभान वर चढला. ढोलीत बदकांची पिसं, आणि गुलालानं पाय माखलेलं उदमांजर. ते फिस्कारलं. पोटाशी दोन पिलं होती.

विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला, म्हणून गावानं नाल्याकाठचं झाडझुडूप तोडून पऱ्हाटी पेरली होती. त्या जिवानं जावं कुठं?

चंद्रभाननं काठी मागितली.

"मारू नका," जयवंता म्हणाली. "माय हाय थे."

भगत केव्हा निसटला, कोणाला कळलं नाही.

भय दाराशी आलं, तर त्याला लगेच नाव देऊ नये. आधी त्याचा माग धरावा, नखं पाहावीत. नाहीतर उदमांजर सुटतं आणि एखादी माय गावाबाहेर जाते.

दिवेलागणीला जयवंतानं वाटी धुऊन पालथी घातली. मग खुराड्याची कडी लावली. त्या कडीनंतर एकही बदक मेलं नाही.